जमीन नदीच्या दोन्ही काठांना, दावा एकाच कोर्टात: लिस पेंडन्सची नोटीस कुठे कुठे नोंदवावी?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतेय.

आजोळची जमीन नीरा नदीच्या दोन्ही अंगाला आहे. अलीकडची पुणे जिल्ह्यात, पलीकडची सातारा जिल्ह्यात. आजोबा गेल्यावर सातबाऱ्याला मामाचं नाव 'एकुमॅ' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलं आणि आई-मावशीची नावं 'इतर हक्क'मध्ये गेली. वर्षानुवर्षं कुणी तोंडातून शब्द काढला नाही. दिवाळीला साडी-चोळी आणि ज्वारीचं पोतं आलं की विषय संपायचा. आता पलीकडच्या तुकड्याजवळून मोठा रस्ता गेलाय, एजंट घिरट्या घालायला लागलेत आणि मामाने विसार घेतल्याची कुजबुज आहे.

आई आणि मावशीने वाटपाचा दावा लावला. दोन्ही काठांचे गट एकाच दाव्यात आहेत, कोर्ट अलीकडच्या तालुक्याचं. निशाणी 5 वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) हुकूम व्हायचाय, समोरून म्हणणं द्यायला मुदतीवर मुदत चालू आहे. दरम्यान वकिलांच्या सांगण्यावरून लिस पेंडन्सची नोटीस (या जमिनीवर दावा चालू आहे हे कळवणारी) अलीकडच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवली. नोटिशीत सगळे गट लिहिलेत.

आता शंका. उद्या पलीकडचा तुकडा विकायला कुणी त्या तालुक्याच्या कार्यालयात बसलं, तर त्यांना ही नोटीस दिसणार कशी? आणि तलाठीभाऊ म्हणतात, सातबाऱ्यावर याची नोंद होणार नाही. मग मिळवलं काय?

उगीचच

वाचतोय. आमच्याकडे जमीन एका काठाला आणि भाऊबंद दोन्ही काठांना आहेत.

वाफसा

ताई, नोटीस नोंदवली ना? मग निवांत राहा. लिस पेंडन्स लागली की विक्री होतच नाही. आमच्या चुलत्यांच्या केसमध्ये सगळं तिथल्या तिथे थांबलं होतं.

शाईचाडाग

वाफसा, तुमच्या चुलत्यांच्या केसमध्ये बहुतेक मनाई मिळाली असणार. ताईंच्या जिवाला घोर याच गैरसमजाने लागेल, म्हणून सविस्तर लिहितो. (पोटापाण्याचा धंदा वकिली, तरी हा सल्ला नाही. कागद न बघता सल्ला देणाऱ्याचं ऐकू नये, त्यात मीही आलो.)

लिस पेंडन्सने विक्री थांबत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चं कलम 52 सांगतं ते एवढंच: दावा चालू असताना पक्षकाराने मिळकत विकली, तरी त्यामुळे दुसऱ्या पक्षकाराच्या हुकूमनाम्यातल्या हक्काला बाधा येणार नाही. खरेदीखत रद्दबातल होत नाही. घेणारा मामाच्या जागी उभा राहतो आणि निकाल लागेल तो त्याच्यावर बंधनकारक होतो. मला माहीत नव्हतं, पूर्ण पैसे मोजले, ही सबब त्याला चालत नाही. पुढे दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) ताबा द्यायला तो आडवा आला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 नियम 102 ने त्याचा अडथळा ऐकून घेतला जात नाही. विक्री थांबवायची असेल तर निशाणी 5 चा हुकूमच हवा. तो मिळेपर्यंत निदान 'जैसे थे' तरी मागा, आणि विसाराची कुजबुज तारीखवार प्रतिज्ञापत्रात लिहून द्या.

आता आपल्याकडचा वेगळेपणा. मूळ केंद्रीय कलमात नोंदणीची अट नाही. दावा दाखल झाला की तत्त्व लागू होतं, घेणाऱ्याला कळो न कळो. मुंबई प्रांताने 1939 मध्ये दुरुस्ती केली की दाव्याची नोटीस नोंदणी कायद्याच्या कलम 18 खाली नोंदवलेली असेल तर, आणि नोंदवल्यानंतरच, हे कलम लागेल. महाराष्ट्र आणि गुजरातला हा वारसा तिथून मिळाला. घेणाऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्य आहे, त्याला निदान शोधायला एक जागा मिळते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका वाटपाच्या प्रकरणात याच दोन राज्यांचं उदाहरण दिलं आणि देशभर अशी सोय करण्याचा विचार व्हावा असं सुचवलं. त्याआधी 1998 च्या 157 व्या अहवालात विधी आयोगाचाही रोख तोच होता.

एक मेख आहे. या दुरुस्तीचा अंमल आधी मुंबईपुरता होता, बाकीच्या भागांना अधिसूचनेने लावायची तरतूद होती. तुमच्या तालुक्याबाबत काय स्थिती आहे ते वकिलांकडून बघून घ्या. दुरुस्ती लागू नसेल तर मूळ कलम तुमच्या बाजूने आहेच, आणि लागू असेल तर नोटीस हवीच. म्हणजे नोंदवण्यात तोटा कुठल्याच बाजूने नाही.

दोन जिल्ह्यांचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता कोर्टात निघालोय.

गटनंबर

तलाठ्याची बाजू मी मांडतो. मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालोय.

पूर्वी लोक नोटिशीची प्रत आणून द्यायचे, आम्ही फेरफार धरायचो आणि इतर हक्कात 'दावा प्रलंबित' असा शेरा यायचा. दावा कधीच निकाली निघालेला असायचा, शेरा मात्र तसाच. त्या शेऱ्यापायी बँका कर्ज देईनात, वारसांना सोसायटीचं पीककर्ज मिळेना. काहींनी तर बांधाच्या भांडणात शेजाऱ्याच्या अख्ख्या गटावर शेरा आणून ठेवला होता. 2017 मध्ये महसूल विभागाचं परिपत्रक आलं की कोर्टाची मनाई किंवा स्थगिती नसताना नुसत्या लिस पेंडन्सची नोंद अधिकार अभिलेखात घेऊ नये. त्यामुळे तलाठी नाही म्हणाला तर तो तुमचा दुष्मन नाही. मनाईचा हुकूम आणा, हातोहात नोंद होते.

याची दुसरी बाजू घेणाऱ्यांनी नीट वाचावी. सातबारा कोरा दिसला म्हणजे जमीन दाव्यातून मोकळी आहे असं नाही. आजही गावात लोक सातबारा बघून विसार देतात आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांची सूची) कुणी काढत नाही. तो काढायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

ताईंसाठी आणखी एक. खरेदीखत झालंच तर त्याची वर्दी महसुलाकडे जाते, फेरफार धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. आई-मावशीची नावं इतर हक्कात आहेत म्हणजे त्या हितसंबंधित आहेत. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. प्रकरण गाव नमुना 6-अ ला, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि लगेच मंजूर होत नाही. 'आपली चावडी'वर गावाच्या चालू फेरफार नोटिसा दिसतात. मोबाईलवर अधूनमधून डोकावत जा, गावातून कुणी फोन करून कळवील या भरवशावर राहू नका.

नीराकाठ

धन्यवाद गटनंबर काका. 'आपली चावडी' माहीतच नव्हतं. दोन्ही गावं बघितली, सध्या तरी काही नाही.

कर्जदार

दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. मुंबईत आमच्या इमारतीच्या पुनर्विकासात एका सदस्याच्या दूरच्या नातलगाने दावा ठोकला आणि लिस पेंडन्स नोंदवून टाकली. दाव्यात दम किती होता देव जाणे, पण सर्च रिपोर्टमध्ये ते दिसल्याबरोबर बँकेने हात आखडता घेतला. बाकीच्या कुटुंबांचा काय गुन्हा? नोटीस नोंदवायला समोरच्याची संमती लागत नाही, कोर्टाची परवानगी लागत नाही. वादीने सही केली की झालं. निव्वळ अडवणुकीचं हत्यार आहे हे.

शाईचाडाग

कर्जदार, तुमचं दुखणं खरं आहे. पण कलम 52 मध्येच 'न्यायालयाच्या अनुमतीने आणि ते घालील त्या अटींवर' हस्तांतर करण्याची वाट ठेवलेली आहे. 2010 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात प्रतिवादीकडून 3 लाखांची सुरक्षा घेऊन मिळकत या कलमाच्या अमलातून मोकळी केली होती. दावा फुसका वाटत असेल तर असा अर्ज करता येतो. आपल्याकडे हा अर्ज फार कमी लोक करतात. सगळे 'दावा निकाली निघेपर्यंत थांबू' म्हणतात, आणि दावा काही निकाली निघत नाही.

आता ताईंचा मूळ प्रश्न, दोन जिल्ह्यांचा.

दावा एका कोर्टात चालेल का? चालेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 17 प्रमाणे मिळकत वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीत असेल, तर तिचा काही भाग जिथे आहे अशा कुठल्याही कोर्टात दावा करता येतो. वाटपाच्या दाव्यात तर सगळी एकत्र कुटुंबाची मिळकत एकाच दाव्यात आणणं अपेक्षितच असतं, अर्धवट वाटपाचा दावा टिकत नाही. मात्र दाव्याचं कारण एकच हवं. 2019 मध्ये इंदूर आणि मुंबई अशा दोन ठिकाणच्या मिळकतींचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तिथे कारणं वेगवेगळी असल्याने मुंबईची मिळकत इंदूरच्या दाव्यात चालली नाही. तुमच्याकडे एकच आजोबा, एकच कुटुंब, एकच वाटप. अडचण दिसत नाही.

नोटीस एका कार्यालयात नोंदवता येईल का? येईल. नोंदणी कायद्याचं कलम 28 सांगतं की मिळकतीचा काही भाग ज्याच्या हद्दीत आहे अशा कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे दस्त सादर करता येतो.

पण नोंदवून काम संपत नाही. कलम 64 प्रमाणे त्याच जिल्ह्यातल्या इतर हद्दींत मिळकत असेल, तर नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाने त्या त्या कार्यालयाला ज्ञापन (दस्त नोंदवल्याची लेखी सूचना) पाठवायचं असतं. दुसऱ्या जिल्ह्यात असेल, म्हणजे तुमच्यासारखं, तर कलम 65 प्रमाणे त्या जिल्ह्याच्या निबंधकाकडे दस्ताची प्रत जायला हवी, आणि तो खालच्या दुय्यम निबंधकाला ज्ञापन पाठवतो. ते तिकडच्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये फाईल झालं की पलीकडच्या शोधात सापडतं. हा प्रवास पुणे ते सातारा आणि साताऱ्याहून तालुक्याला.

या प्रवासाला महत्त्व का? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 3 चं स्पष्टीकरण वाचा. नोंदवलेल्या दस्ताची माहिती घेणाऱ्याला होती असं धरतात ते एरवी नोंदणीच्या तारखेपासून. पण मिळकत एकाहून जास्त हद्दींत असेल तर, जो भाग तो विकत घेतोय त्या भागाच्या दुय्यम निबंधकाकडे ज्ञापन फाईल झालं त्या तारखेपासून. ते स्पष्टीकरण व्यवहारांच्या दस्तांसाठी आहे, लिस पेंडन्सला ते जसंच्या तसं लागतं की नाही यावर वकील तासभर भांडतील. पण विचाराची दिशा लक्षात घ्या. पलीकडचा घेणारा कोर्टात पहिली ओरड हीच करणार की आमच्या तालुक्यात शोध घेतला, काही सापडलं नाही.

म्हणून मी पक्षकाराला सांगतो, ज्ञापनाच्या भरवशावर राहू नका. तीच नोटीस, त्याच वर्णनाची, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयातही स्वतंत्र नोंदवा. खर्च किरकोळ, ओरडीला जागा उरत नाही.

सॅनहोजेकर

इथे कॅलिफोर्नियात याच कामाची नोटीस काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) रेकॉर्डरकडे नोंदवतात, आणि कायद्याचे शब्द असे आहेत की मिळकतीचा पूर्ण किंवा काही भाग ज्या ज्या काउंटीत आहे तिथल्या रेकॉर्डरकडे ती नोंदवता येते. म्हणजे शाईचाडाग साहेब जे सुचवतायत तेच. एका काउंटीने दुसरीला कळवावं अशी वाट कुणी बघत नाही. आणि कर्जदारांच्या तक्रारीवर इथे उपाय आहे: नोटीस काढून टाकायचा अर्ज करता येतो, आणि मग आपला दावा तग धरण्याजोगा आहे हे नोटीस देणाऱ्यालाच दाखवावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये तर नोटिशीला 3 वर्षांची मुदत असते, वाढवून न घेतल्यास ती संपते. आपल्याकडे मुदत नाही, त्यामुळे मेलेल्या दाव्यांची भुतं इंडेक्समध्ये फिरत राहतात.

पेडणेकरीण

जरा वेगळी वाट. आमची एक जमीन सावंतवाडी तालुक्यात आणि माडाची बाग पेडण्यात. म्हणजे जिल्ह्याची नव्हे, राज्याचीच वेस मध्ये. आमच्याकडे सातबाऱ्याऐवजी फॉर्म एक-चौदा आणि वारशाला इन्व्हेंटरीची प्रक्रिया, त्यामुळे तिकडच्या वकिलांना इकडचं समजावता समजावता नाकीनऊ येतात. गोव्यात कलम 52 ला नोंदणीची ती अट नाही ना?

शाईचाडाग

पेडणेकरीण ताई, नाही. गोव्यात मूळ केंद्रीय कलम, म्हणजे दावा दाखल झाल्यापासूनच तत्त्व लागू. गंमत बघा, एकाच कुटुंबाच्या दोन तुकड्यांत तेरेखोल नदीच्या अलीकडे घेणाऱ्याने इंडेक्समध्ये नोटीस शोधायची आणि पलीकडे त्याने कोर्टातच दावे शोधायचे. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध होतो, पण गट नंबर टाकून दिवाणी दावा सापडत नाही. तुमच्या वारशाच्या प्रश्नाला मात्र वेगळा धागा हवा, तिथला वारसा कायदाच वेगळा आहे. इथे सुरू केलं तर ताईंचा धागा हायजॅक होईल.

वाफसा

मूळ प्रश्न राहिला बाजूला, पण बहिणींना खरंच एवढा वाटा मिळतो का? आजोबा कधी वारले? मुलींना समान वाटा देणाऱ्या 2005 च्या दुरुस्तीआधी गेले असतील तर?

शाईचाडाग

वाफसा, 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा घोळ मिटवलाय. मुलीचा सहदायादाचा (वडिलोपार्जित मिळकतीतल्या भागीदाराचा) हक्क जन्माने आहे, दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. महाराष्ट्रात तर 1994 सालीच राज्याची दुरुस्ती आली होती, फक्त त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. बाकी तपशील कागद बघून.

आणि ताई, एक गोष्ट मुद्दाम सांगतो. समजा नोटीस पलीकडे पोचण्याआधीच मामांनी विकलं. तरी आभाळ कोसळत नाही. सहहिस्सेदार फार तर स्वतःचा हिस्सा विकू शकतो, बहिणींचा नाही. फक्त मग तुम्हाला दोन आघाड्यांवर लढावं लागतं. घेणारा म्हणणार, सातबारा मामांच्या नावावर, मी प्रामाणिक खरेदीदार. मामा म्हणणार, मी कर्ता, कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी विकलं. पुरावे, साक्षी, उलटतपास, आणि त्यात आईचं वय. नोटीस वेळेत लागली की यातली बरीच भांडणं वाचतात. विक्री झाल्याचं कळताच घेणाऱ्याला ऑर्डर 1 नियम 10 खाली पक्षकार करून घ्या, निकालाला तो बांधलेला असला तरी.

कर्जदार

वकिलीची फी न देता एवढं वाचायला मिळतंय म्हणून गप्प बसून वाचतोय. माझा विरोध मागे घेतलेला नाही.

नीराकाठ

अपडेट. सगळ्यांचे आभार.

ई-सर्चवर (नोंदवलेले दस्त ऑनलाइन शोधायची सोय) दोन्ही जिल्हे, दोन्ही तालुके, गाव, गट नंबर आणि वर्ष टाकून बघितलं. अलीकडच्या गावाच्या इंडेक्समध्ये 'नोटीस ऑफ लिस पेंडन्स' असं दस्त प्रकारात स्वच्छ दिसतंय, लिहून देणार म्हणून आई आणि मावशीची नावं. पलीकडच्या गावाला तिथला गट नंबर टाकला की काहीच नाही. तिथे जाऊन विचारलं तर ज्ञापन आलेलं नाही म्हणाले. इकडे विचारलं तर जाईल म्हणाले. कोण चुकलं यात मला पडायचं नाही. वकिलांना शाईचाडाग दादांचा मुद्दा वाचून दाखवला, त्यांनी मान डोलावली आणि पलीकडे स्वतंत्र नोटीस नोंदवायचं ठरलं. मसुद्यात मालकाचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, कोर्टाचं नाव, दाव्याचा प्रकार आणि शीर्षक, दाव्याची तारीख एवढं घातलंय. बरोबर ना?

आणि हो, मामाचा आईला फोन आला होता. नोटिशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. या वर्षी उसाला तोड लवकर मिळणार आहे, एवढंच सांगितलं. आईने पण विचारलं नाही.

उगीचच

म्हणजे मामाला कळलंय.

शाईचाडाग

बरोबर, कलम 52 च्या दुरुस्तीत हेच पाच तपशील मागितलेत. मिळकतीच्या वर्णनात कंजूषी करू नका. गट, हिस्सा, क्षेत्र, आकारणी, चतुःसीमा सगळं. नदीकाठची जमीन आहे, चतुःसीमेत 'नीरा नदी' येईल, पण काठ सरकलेला असतो, म्हणून शेजारच्या गटांचे नंबरही घाला. आणि दोन्ही नोटिशींच्या प्रमाणित प्रती निशाणी 5 च्या युक्तिवादाआधी दाव्यात दाखल करा.

नीराकाठ

एक शेवटचं. पलीकडच्या गटाची मध्यंतरी फोड होऊन 1 आणि 2 असे हिस्से पडलेत. दाव्यात जुना अखंड नंबर आहे. नोटिशीत कुठला लिहू?

गटनंबर

दोन्ही. 'जुना गट अमुक, फोडीनंतर अमुक/1 व अमुक/2', आणि ज्या फेरफाराने फोड झाली त्याचा नंबर. ई-सर्चमध्ये लोक नवा नंबर टाकतात. नुसता जुना लिहिलात तर शोधणाऱ्याला सापडणार नाही.

शाईचाडाग

आणि दाव्यातही ऑर्डर 6 नियम 17 खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. नोटीस एका नंबरची आणि दावा दुसऱ्याचा, हे समोरचे वकील पहिल्याच तारखेला पकडतील.